एकोणीस नंबरचं वाक्य

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी बाजू घ्यायला नको. मी इंग्रजी शिकवते, तेही मोठ्या माणसांना. कोणाला परदेशी नोकरी मिळवायची असते, कोणाला मुलांच्या शाळेत तोंड उघडायचं असतं, तर कोणाला मरायच्या आधी एक पत्र स्वतःच्या हाताने लिहायचं असतं. एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर माझी लांबट खोली आहे. तिथे बावीस खुर्च्या आहेत, एक फळा आहे आणि खालून दिवसभर तापलेल्या कापडाचा वास येतो. खाली कपडे धुवायचा मोठा ड्रम सुरू झाला की आमच्या काचा थरथरतात आणि मला ओरडून शिकवावं लागतं. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतींना एव्हाना इंग्रजीही येत असेल, असं आमच्या क्लासातला एक ड्रायव्हर नेहमी म्हणायचा. तेव्हा आम्ही हसायचो.

माझ्याकडे नावं नाहीत, नंबर आहेत. नावाने हाक मारली की माणूस घरचा होतो आणि घरचा झाला की गृहपाठ करत नाही. हजेरी नंबरानेच घ्यायची, प्रत्येकाने 'आय ॲम हिअर' म्हणायचं आणि नंबर पुकारल्याशिवाय बोलायचं नाही. सुरुवातीला सगळे कुरकुरतात, मग सवय होते.

प्रश्न विचारायला मोठी माणसं लाजतात. म्हणून मी पेटी केली. माझा धाकटा भाऊ सुतार आहे, त्याच्याकडून करून घेतली. जिना संपतो तिथे फळ्यांची जुनी भिंत आहे, तिच्यावर त्याने ती स्क्रूने बसवली. पेटीला पुढून फट आहे, खाली छोटं दार आणि कुलूप आहे, चावी फक्त माझ्याकडे. पेटीला पाठ मात्र नाही. "मागे भिंत आहेच की, ताई. आणखी फळी कशाला? लाकूड काय झाडाला लागतं?" असं म्हणून तो स्वतःच हसला होता. मला त्याचा आळस माहीत होता, पण मी सोडून दिलं.

पेटीवर तीन नियम लिहिलेत. चिठ्ठीत प्रश्न एकच विचारायचा. त्याखाली स्वतःचं एक वाक्य लिहायचं, इंग्रजीत आणि खरं, पुस्तकातलं नको. अक्षरं मोठी काढायची आणि नाव लिहायचं नाही. चौथा नियम लिहिलेला नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. बाई उत्तर भाषेचं देतील, वाक्यातल्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढणार नाहीत. पहिल्या वर्षी एकाने लिहिलं होतं की माझा भाऊ माझ्याशी सहा वर्षं बोललेला नाही. मी भोचकपणे विचारलं, "अरे, का बरं?" सगळ्यांनी माना वळवल्या, त्याचे कान लाल झाले आणि दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलं. वाक्यात काय आहे ते वाक्यातच ठेवायचं, हे मला फार शहाणपणाचं वाटायचं. मला त्याचा अभिमान होता.

शनिवारी पाच वाजता मी पेटी उघडायची. 'लेंड' आणि 'बॉरो' यांत फरक काय, बरं नसतानाही 'फाइन' का म्हणायचं, 'मच' कुठे आणि 'मेनी' कुठे. ड्रायव्हरच्या चिठ्ठीखाली वाक्य असायचं, 'माय वाइफ हॅज मेनी अँगर.' मी लाल पेनने 'मेनी' खोडायची आणि 'मच' लिहायची. "राग मोजता येत नाही," मी सांगायची. "घरी या, मोजून दाखवतो," तो म्हणायचा. नंबर पुकारलेला नसायचा, पण ड्रायव्हरला सगळं माफ होतं.

आणखी एक रीत होती आमची. कोणाचं जाण्याचं ठरलं, म्हणजे परदेशातली नोकरी मिळाली, की तो माणूस क्लासातून एकाएकी नाहीसा व्हायचा. तिकीट, कागदपत्रं, धावपळ. निरोप घ्यायला फुरसत कोणाला? मग आम्ही त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून उभे राहायचो आणि टाळ्या वाजवायचो. माणूस दिसेनासा झाला की इतर ठिकाणी चौकशी करतात. आम्ही टाळ्या वाजवायचो.

एकोणीस नंबर म्हणजे खालच्या लाँड्रीच्या मालकांची बहीण. वय बत्तीस-तेहतीस. खाली बसून कपड्यांच्या खुणेच्या पट्ट्या लिहायची, कानावर कायम एक आखूड पेन्सिल खोचलेली. शेवटच्या खुर्चीवर बसायची आणि खूप शंका काढायची, म्हणून मला आवडायची, म्हणून मी तिच्यावर जास्त डाफरायची. दूरच्या देशातल्या एका वृद्धाश्रमात तिला काम मिळालं होतं. कागद आला तेव्हा तिने तो मला दाखवला होता.

मालक नाकासमोर चालणारा माणूस. पांढराशुभ्र शर्ट, बोलणं मऊ. इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही, पण शनिवारी पाचला ते ड्रम बंद करायचे, वर यायचे आणि दाराजवळच्या स्टुलावर हात जोडून बसायचे. "मला काही कळत नाही, बाई. पण कानाला बरं वाटतं," म्हणायचे. असा घरमालक मिळायला नशीब लागतं, असं मी चारचौघांत सांगत असे.

एका सोमवारी ते वर आले. "गेली हो बाई," म्हणाले. "अचानक निघावं लागलं. तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

"अरे वा!" मी म्हणाले. आतून जरा लागलं. तिने मला भेटून जायला हवं होतं. पण मी खडू खाली ठेवला, सगळे उभे राहिले आणि आम्ही तिच्या खुर्चीकडे बघून खूप वेळ टाळ्या वाजवल्या. मालकांनीही वाजवल्या. मी हजेरीच्या वहीत एकोणीसवर रेघ मारली.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी पेटीत ती पहिली गुंडाळी आली.

बाकीच्या चिठ्ठ्या चार घड्या घातलेल्या असतात. ही काडीएवढी बारीक गुंडाळलेली होती, आणि पेटीच्या तळाशी, पार मागे भिंतीला टेकून पडली होती. कागद तपकिरी, लाँड्रीत कपडे बांधून देतात तसला. पण तसला कागद आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी होता. प्रश्न असा होता की 'क्लोज्ड', 'शट' आणि 'लॉक्ड' यांत फरक काय. खाली वाक्य होतं, 'द डोअर इज लॉक.'

मी ते फळ्यावर लिहिलं. 'लॉक' खोडून 'लॉक्ड' केलं. कुलूप बाहेरून आहे की आतून, हे सांगायचं असेल तर काय लिहायचं, तेही सांगितलं. "फ्रॉम द आउटसाइड," मी म्हणाले आणि सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. प्रश्न चांगला होता. मी शाबासकीही दिली, कोणाला ते माहीत नसताना.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा तसलीच गुंडाळी. 'सिन्स' आणि 'फॉर' यांतला फरक. हा प्रश्न मला वर्षातून चाळीस वेळा येतो, झोपेतही सांगेन. वाक्य होतं, 'आय ॲम इन धिस रूम सिन्स टेन डेज.' किती चुका! मी लाल पेन चालवलं आणि वाक्य सरळ केलं. 'आय हॅव बीन इन धिस रूम फॉर टेन डेज.' कोणीतरी भाड्याने नवी खोली घेतली असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. तेही मी झटकून टाकलं. नियम म्हणजे नियम.

हजेरीच्या वेळी मात्र काहीतरी होऊ लागलं. अठरा म्हटल्यावर नर्स 'आय ॲम हिअर' म्हणायची. ती जवळच्याच दवाखान्यात कामाला आहे, बोलते अगदी हळू. मग मी वीस पुकारायची. या दोहोंच्या मधे, मी श्वास घेते तेवढ्या वेळात, मला वाटायचं की कोणीतरी बोलायला तोंड उघडलंय. बोललेलं ऐकू यायचं नाही, नुसती बोलण्याची तयारी. इतर वारी ड्रमच्या आवाजात हे जाणवायचं नाही, फक्त शनिवारी. एकदा मी मान वर करून विचारलं, "कोण?" सगळे माझ्याकडे बघत राहिले. वयाचा परिणाम असेल, असं मी मनाशी म्हटलं.

आणि सगळ्यांनी मिळून वाक्य म्हटलं की शेवटी एक आवाज मागे राहायचा. वीस माणसं एकदम थांबली तरी एक अर्धा शब्द हवेत उरायचा. "कोण रेंगाळतंय?" मी ओरडायची. "सगळ्यांबरोबर थांबायचं!" रेंगाळणारं कोणी सापडायचं नाही. ड्रायव्हरच्या शेजारची आजीबाई, जी नातवासाठी इंग्रजी शिकायला येते, ती एकदा म्हणाली, "बाई, मला वाटतं ही खोलीच आपल्यामागून म्हणते." मी तिला गप्प बसवलं. पण त्या दिवशी घरी जाताना मी जिन्यावर मागे वळून पाहिलं. पेटीची फट तोंडासारखी दिसत होती. मला ती नको वाटली.

तिसरी गुंडाळी 'हिअर' आणि 'लिसन' यांच्यातल्या फरकाबद्दल होती. वाक्यं दोन होती, म्हणजे नियम मोडलेला. 'आय हिअर यू एव्हरी डे. यू आर नॉट लिसन.'

"कोणीतरी मला टोमणा मारलाय!" मी म्हणाले. सगळे खो खो हसले, मालकही हसले. मी 'लिसन'चं 'लिसनिंग' केलं आणि समजावलं की 'हिअर' आपोआप होतं, 'लिसन' मन लावून करावं लागतं. इतकं छान समजावलं की नर्सने वहीत चौकट करून लिहून घेतलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चौथी चिठ्ठी 'से', 'टेल' आणि 'स्पीक' यांची. वाक्य होतं, 'ही टेल ऑल पीपल दॅट आय गो अवे.' शेवटचे दोन शब्द बारीक, अगदी पुसट लिहिलेले, पेन्सिलचं टोक संपत आल्यासारखे. मी 'टेल'ला एस लावला. मग मला रंग चढला. 'हॅज गॉन' आणि 'हॅज बीन' हाही विषय घेऊन टाकू म्हटलं, कारण तोही सगळ्यांना छळतो. जो जाऊन परत आला तो 'हॅज बीन', जो गेला आणि अजून तिकडेच आहे तो 'हॅज गॉन'. उदाहरण आपल्यातलं हवं, म्हणून मी शेवटच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं.

"आपली एकोणीस नंबर. म्हणा सगळे. शी हॅज गॉन ॲब्रॉड."

वीस माणसांनी म्हटलं. मी पुन्हा म्हणायला लावलं, मोठ्याने. पुन्हा. तीनदा झालं. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मागे कोणी रेंगाळलं नाही. सगळे एकदम थांबले आणि खोली इतकी शांत झाली की मला ती शांतता आवडली नाही. मालक स्टुलावर हात जोडून बसले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण खाली इस्त्र्या तापलेल्या असतात, घाम सगळ्यांनाच येतो.

पाचव्या शनिवारी मी पेटी उघडली तेव्हा वर सात-आठ चिठ्ठ्या होत्या आणि तळाशी ती गुंडाळी. का कोण जाणे, मी ती सगळ्यात शेवटी ठेवली. बाकीची उत्तरं देऊन झाली. मालक दाराशी होते. ड्रम बंद होता. मी गुंडाळी उलगडली आणि सवयीने लाल पेनचं टोपण काढलं.

प्रश्न नव्हता. नुसतं वाक्य होतं. 'शी हॅज नॉट गॉन. शी इज हिअर.'

मी पेन टेकवलं आणि चूक शोधू लागले. क्रियापद पाहिलं, बरोबर होतं. 'नॉट' जागेवर होता. पूर्णविराम होते. अक्षर न् अक्षर बरोबर. दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. दुरुस्त करायला काहीच नव्हतं, आणि हातातलं पेन रिकामं राहिलं, तेव्हा कुठे मी ते वाक्य वाचलं.

अकरा वर्षांत मी हजारो वाक्यं तपासली होती. वाचलेलं हे पहिलं.

मग बाकीची चार माझ्या डोळ्यांपुढे आपोआप ओळीने उभी राहिली. दाराला कुलूप आहे. दहा दिवस मी या खोलीत आहे. मी तुमचं रोज ऐकते, तुम्ही ऐकत नाही. तो सगळ्यांना सांगतो की मी गेले. मी फळ्याला पाठ लावून उभी राहिले.

"काय लिहिलंय, बाई?" मालकांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"नेहमीचंच," मी म्हणाले. "'हॅज' आणि 'हॅव'." माझा आवाज मला परका वाटला. त्या माणसाला इंग्रजी वाचता येत नाही, या एका गोष्टीवर मी उभी होते. पण मला खात्री कुठे होती? ती परदेशात असेल, एव्हाना बर्फात चालत असेल, आणि ही कोणाची तरी थट्टा असेल. भलत्या माणसावर आळ घेऊन मी तोंडघशी पडेन. खरं सांगायचं तर, वरची खोली जाईल हाही विचार मनात आला. लाज वाटते, पण आला.

मी हजेरीची वही उघडली.

"हजेरी झाली की, बाई," ड्रायव्हर म्हणाला.

"पुन्हा घेते. आणि कोणी हलायचं नाही, खुर्ची वाजवायची नाही. श्वासाचासुद्धा आवाज नको."

एक. 'आय ॲम हिअर.' दोन. तीन. मी सावकाश पुकारत गेले. माझं एक लक्ष मालकांकडे होतं. ते उठले नव्हते, पण त्यांचे जोडलेले हात सुटले होते. सतरा. अठरा. नर्सने 'आय ॲम हिअर' म्हटलं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कारण मी वीसवर गेले नाही. मी रेघ मारलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"एकोणीस," मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना रिकाम्या खुर्चीकडे वळल्या. खाली कुठेतरी नळ ठिबकत होता, तो ऐकू येत होता.

मग जिन्याकडच्या फळ्यांच्या भिंतीतून आवाज आला. आवाज तरी कसला, घसा खरवडून निघालेला वारा.

"आय ॲम हिअर."

आजीबाईने तोंडावर पदर धरला. मालक उभे राहिले. "वाफेचा पाइप आहे तो," ते म्हणाले. "पाइप वाजतो. मी खाली जाऊन बघतो."

"बसा, मालक," ड्रायव्हर म्हणाला आणि दारात जाऊन उभा राहिला. थट्टेखोर माणूस इतका गंभीर झालेला मी कधी पाहिला नव्हता. "भिंतीपलीकडे काय आहे?"

"कपडे वाळवायची खोली. ब्लँकेटं आहेत नुसती. चावी हरवली आहे."

मी जिन्याकडे धावले. पेटी दोन्ही हातांनी धरून ओढली, स्क्रू जुन्या लाकडातून निघाले आणि पेटी माझ्यासकट खाली आली. मागे दोन फळ्यांच्या मधे बोटभर फट होती. माझ्या भावाने पाठीला फळी लावली असती तर एकही चिठ्ठी आत पडली नसती, हे तेव्हाच डोक्यात आलं. फटीतून दमट लोकरीचा वास येत होता, आणि पलीकडे, फटीला लागून, एक डोळा होता. तो मिटत नव्हता.

चावी मालकांच्या खिशातच निघाली. खालून, ड्रमच्या मागून एक अरुंद जिना त्या खोलीत जायचा. आत दोऱ्यांवर ब्लँकेटं छतापासून जमिनीपर्यंत टांगली होती. तिथे ओरडलं तरी आवाज त्यांच्यातच मुरला असता. नर्सने तिला उचललं तेव्हा ती म्हणाली, "एवढीशी राहिलीय." मालक शेवटपर्यंत चढ्या आवाजात बोलले नाहीत. "तिचं डोकं ठिकाणावर आणत होतो," एवढंच ते सगळ्यांना समजावत होते. "वडिलांना शब्द दिला होता की हिला घराबाहेर जाऊ देणार नाही. जेवण देत होतो मी. विचारा तिला." त्यांना खरंच वाटत होतं की आपलं काही चुकलेलं नाही, आणि तेच ऐकून मला जास्त भीती वाटली. पोलीस घेऊन गेले तेव्हाही ते जाताना म्हणाले, "येतो, बाई."

चार दिवसांनी मी तिला दवाखान्यात भेटायला गेले. दुपारची वेळ होती, नर्स ड्युटीवर होती, तिने स्टूल ओढून दिलं. एकोणीस नंबर उशीला टेकून बसली होती. हनुवटी पुढे आली होती आणि आवाज अजून फुटत नव्हता. मी पिशवीतून त्या पाच चिठ्ठ्या काढून तिच्यापुढे चादरीवर ठेवल्या.

"पहिले दोन दिवस खूप ओरडले, बाई," ती म्हणाली. "ओरडले की दादा ड्रम लावायचा. मग घसाच गेला. तो म्हणाला, वर सगळ्यांना माहीत आहे, बाईंनी तर टाळ्या वाजवल्या. त्या मी ऐकल्या होत्या." ती थांबली, पाणी प्यायली. "म्हटलं, बाई चिठ्ठीशिवाय उत्तर देत नाहीत. पेटी कुठे आहे ते ठाऊक होतं. पेन्सिल कानावर होती."

तिने चिठ्ठ्या एकेक करून सरळ केल्या. पाचवीशी तिचा हात थांबला.

"ही माझी नाही."

"अगं, तुझीच. अक्षर बघ."

"अक्षर माझंच आहे." तिने ती उचलून डोळ्यांजवळ धरली. "पण मी चारच टाकल्या. चौथ्या चिठ्ठीत पेन्सिल संपली, बाई. पुसट झालंय बघा. आणि 'हॅज गॉन' मला कुठे येतं अजून?" तिने कागद उलटा करून पाहिला, मग घाईने खाली ठेवला. "तुम्ही सगळ्यांकडून म्हणवून घेत होतात ना, तेव्हा मी फळीला डोकं टेकून हेच म्हणत होते. पण मनात. तोंडातून आवाज नव्हता. लिहिलं तर नाहीच."

मी नंतर क्लासातल्या एकेकाला विचारलं, आईची शपथ घालून विचारलं. सगळे नाही म्हणाले, आणि खोटं बोलायचं कारण कोणालाच नव्हतं. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. मी ती घरात ठेवत नाही.

नर्स औषध देऊन गेली. एकोणीसने माझ्या लाल शाईवरून बोट फिरवलं, 'लॉक'च्या शेवटी मी जोडलेल्या अक्षरांवरून, 'सिन्स'वर मारलेल्या काटेवरून.

"मी प्रत्येक वेळी तुमची दुरुस्ती ऐकायचे आणि पाठ करायचे," ती म्हणाली. "वाटायचं, पुढच्या वेळी बरोबर लिहू, म्हणजे येतील. पण काही ना काही राहायचंच." तिने मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता. क्लासात शंका विचारताना असायचे तसेच डोळे होते. "बाई, माझं वाक्य चुकत होतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही ना?"

मी तिचा हात धरला. खोटं बोलणं सोपं होतं. होय म्हटलं असतं तर दोघींची सुटका झाली असती.

"नाही गं," मी म्हणाले. "सगळं कळत होतं. चारही वाक्यांत तुला काय म्हणायचंय ते अगदी स्पष्ट होतं."



"मग?" ती म्हणाली.